कॅमेरा रिकामा नव्हता

माय,

आधी एक दुरुस्ती करते. तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हणाले होते की तुझ्या कॅमेऱ्यात रोल नाही, तो रिकामा आहे. ते खरं नव्हतं. रोल होता. मी तो डोळ्यांनी पाहिला आणि मग नाही म्हणाले.

आत्ता या वाक्यात मी ‘चुकून’ असा एक शब्द लिहिला होता, तो खोडला. चुकून जे झालं ते वेगळं, आणि तोंडानं जे बोलले ते वेगळं. दोन्ही सांगते.

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. बोलायला लागले की मी घाबरते आणि सोयीचं तेवढंच बोलते. लिहिताना तसं जमत नाही. कोठी भागातल्या ज्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते, तिथं पेशंटचं नाव, वय, नमुन्याचा नंबर मी तीन-तीनदा ताडून बघते आणि सगळे हसतात. तूही हसायचीस. “लागलंय गं कुलूप, किती वेळा ओढशील, तुटंल ते,” म्हणायचीस. अशी मी, आणि घरात सहा महिने एक खोटं घेऊन बसलेय.

तेरवीची पाहुणे मंडळी नांदेडच्या गाडीनं गेली. बाबा बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनच्या ड्युटीला बसले. मी तुझी पत्र्याची पेटी उघडली. साड्यांच्या तळाशी, माझ्या जुन्या फ्रॉकच्या फडक्यात तो गुंडाळलेला होता. तोच, काळा, हाताच्या पंज्याएवढा, पुढचं झाकण सरकवलं की भिंग दिसतं तो. त्याच्याभोवती तू लाल दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारली होतीस.

तुझे लाल दोरे मला काय नवे होते? गॅसच्या नळीला दोरा, बाबांच्या सायकलला दोरा, दहावीच्या परीक्षेत माझ्या पेनाला दोरा. मला वाटलं, हाही तसलाच. दृष्ट लागू नये म्हणून. मी कात्रीनं कापला. कापताना थोडी हसलेसुद्धा, तेही सांगून टाकते.

वरच्या बाजूला एका बारीक खिडकीत सत्तावीस असा आकडा दिसत होता. मला वाटलं, असेल काहीतरी कंपनीचा नंबर. आत रोल खरंच आहे का बघायचं म्हणून मी मागचं झाकण उघडलं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट हातावर पडत होतं. आत तपकिरी चकचकीत पट्टी ताणलेली होती. तिच्याकडे मी बघत राहिले. पाच-सहा सेकंद असतील. मग कुठंतरी ऐकलेलं आठवलं, की याला उजेड लागू द्यायचा नसतो, आणि झाकण फटकन लावलं. खिडकीतला सत्तावीस गेलेला होता.

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आत आले.

“काय हाय का आत?”

“नाही बाबा. रिकामाय.”

का म्हणाले असं? खूप विचार केला. त्यांचा चेहरा तेरा दिवसांत इतका उतरला होता की अजून एक गोष्ट गेली, आणि ती मी घालवली, हे सांगायची हिंमत झाली नाही. वाटलं, नाहीच म्हटलं तर काही गेलंच नाही. माझं गणित एवढंच होतं.

बाबा खाटेच्या कडेला बसले. तांब्या हातात तसाच. म्हणाले, “मंग एवढी वर्सं फोटो कशाचे काढायची गं ती? निस्तं बटन दाबायची?”

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यातून पुढचं सगळं झालं, माय.

बाबांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली आणि मग तीच दुसऱ्यांना सांगायला लागले. त्यांना तुझ्याबद्दल बोलायला काहीतरी हवं असतं. दूधवाला, सेकंड फ्लोअरचे रेड्डी अंकल, इस्त्रीवाली, जो गेटपाशी थांबेल त्याला सांगतात. “आमची मंडळी भोळी होती. कॅमेऱ्यात रोलच नाही आन् ही दर वर्साला पोरीला उभी करून बटन दाबायची. हालू नको म्हणायची वर.” सांगताना हसतात, आणि शेवटी डोळे पुसतात. ऐकणारेही हसतात. “पागल थी बिचारी,” असं इस्त्रीवाली म्हणाली परवा, प्रेमानंच म्हणाली. मी जिन्यात उभी होते.

तू भोळी नव्हतीस. घरात त्या यंत्राची खरी माहिती असलेली तू एकटीच होतीस. शिकलेली मी, आणि झाकण मी उघडलं.

लिहायला बसले ते गेल्या गुरुवारमुळे. तुझं सहा महिन्यांचं श्राद्ध होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्याकडे तू इतकी वर्षं स्वयंपाक केलास, काठी टेकत खाली आल्या. जेवायला बसल्या. बाबांनी आपली गोष्ट काढली. काकू हातातला घास ठेवून म्हणाल्या, “अहो, असं कसं होईल? रोल मी माझ्या हातानं घालून दिला होता. छत्तीसचा होता.”

“बाई, तुमाला याद नसल आता,” बाबा म्हणाले.

“मला सगळं याद आहे. माझी पाठ दुखते, डोकं नाही.” मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “रेणुका, तू उघडून पाहिलास ना?”

“हो काकू.”

एवढंच बोलले. शब्दाला शब्द खरं. उघडून पाहिलाच होता. त्या ‘हो’ची मला पहिल्या खोट्यापेक्षा जास्त लाज वाटते, कारण ते मी घाबरून नाही, विचार करून बोलले.

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. लिफ्ट वर अडकली होती. काकू म्हणाल्या, “दोरा होता का अजून त्याला?”

“होता.”

“तो कशासाठी, माहितीये तुला? कॅमेरा दिला तेव्हा मी तिला बजावलं, छत्तीस संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही, उजेड लागला की सगळं गेलं. म्हटलं, उघडू नये अशी चिठ्ठी लिहून चिकटवते वर. तर मला म्हणते, कशाला बाई, घरात वाचणारी एकटी रेणी, आणि ती आधी उघडंल, मग वाचंल. त्यापेक्षा दोरा बांधते. दोरा बघून तरी हात आवरंल.”

लिफ्ट आली. काकू आत गेल्या, दार लागेपर्यंत माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय, कोणत्या पोरीनं काय केलंय हे त्यांना विचारावं लागत नाही.

तू मला इतकं नीट ओळखत होतीस, मग सांगितलं का नाहीस? एकदा मी विचारलं होतं, हा दोरा कशाला. “हात लावू नको म्हणले ना,” एवढंच म्हणालीस. मी तेव्हा सातवीत होते, सायन्सच्या पुस्तकात अंधश्रद्धेवर धडा होता. तुला तो मी वाचून दाखवला होता. तू भाकरी थापता थापता पूर्ण ऐकलास आणि “बरं” म्हणालीस. त्या ‘बरं’वर तुझा अजून राग येतो. भांडायचं होतंस माझ्याशी.

शुक्रवारी लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन बाहेर पडले. कोठीच्या पुस्तकांच्या गल्लीमागे एक म्हातारे चाचा घड्याळं, कॅमेरे दुरुस्त करतात. आजकाल कॉलेजची मुलं हौसेनं असे जुने कॅमेरे घेऊन येतात म्हणे त्यांच्याकडे. मलाही त्यांनी तसलीच समजलं. “इंस्टा के वास्ते क्या बेटी?” मी नाही म्हटलं आणि सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सगळं भडाभडा सांगता येतं, बघ.

“कित्ता टाइम खुला रहा?”

“पाँच-छे सेकंद. धूप में.”

चाचांनी कॅमेरा कानाजवळ नेऊन हलवला, जसं काही नारळ बघतायत. “पूरा गया समझके रोव नक्को. जो फोटो खिंच गए वो अंदर लपेटे हुए रैते. ऊपर ऊपर के जल गए होंगे. अंदर के बच सकते. जो सबसे पैले खींचे, वो सबसे अंदर.”

“और जो आखिर में खींचे?”

“वो तो गए बेटी.”

म्हणजे तुझे जुने फोटो कदाचित राहिले असतील, शेवटचे गेले. आणि शेवटचा कोणता, हे मला माहीत आहे.

पदवीचा कार्यक्रम झाला, आम्ही मैत्रिणी बाहेर मैदानात उभ्या होतो. सगळ्यांच्या हातात फोन. तू बाबांच्या मागून आलीस, पिशवीतून हा काढलास. मी पुटपुटले, “आई, ठेव ना आत, सगळे बघतायत.” आई म्हणाले तुला. जन्मभर माय म्हटलं आणि त्या मुलींसमोर आई. तू कॅमेरा डोळ्याला लावलास. म्हणालीस, “एकच काढते. इकडं बघ.” मी बघितलं नाही. मान वळवून कुणाशी तरी बोलल्यासारखं केलं. तुझं बटण वाजलेलं मात्र ऐकू आलं.

चाचा म्हणाले ‘वो तो गए’, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. तो फोटो आता कुणी बघणार नाही, असं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची किळस आली. तू तो जपून ठेवला होतास ना? मान वळवलेली का होईना, तुझी पहिली ग्रॅज्युएट.

चाचांनी सांगितलं, सेल घातले की यंत्र आधी दोन-तीन घरं पुढं ढकलेल, मग पाच-सहा बाकी राहतील. ते संपले की तो आपोआप मागे गुंडाळतो, मग धुवायला द्यायचा. हवं तर आत्ताच गुंडाळून देतो म्हणाले. मी म्हटलं, चालतो का ते तरी बघा. तर हात जोडले. “एक एक दबाने में एक एक जाता. तुमारी अम्मा का रोल है, तुमीच दबाओ.”

रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही, हा तुझाही नेम. बारा-तेरा वर्षांत सत्तावीस. किती चिकटपणा केलास माय! शाळेचा पहिला दिवस, एखादा पाडवा, दहावीचा निकाल, बस. उरलेले कशाला ठेवलेस विचारलं की म्हणायचीस, “तुझ्या लग्नाला.” लग्नाला फोटोवाला येतो गं, ड्रोन येतो, असं मी म्हणायचे. “येऊ दे की त्याला,” म्हणायचीस. तुला तू काढलेलेच फोटो हवे होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

शनिवारी दुपारी बाबा गेटवर असताना मी सेल घातले. तुझ्यासारखेच, एक घड्याळातला काढून आणि एक टीव्हीच्या रिमोटमधला. तू फोटो काढायचा म्हटलं की घरातलं घड्याळ बंद पडायचं आणि बाबा रिमोट आपटत बसायचे.

बटण दाबलं, काहीच झालं नाही. पुढचं झाकण सरकवायचं विसरले होते. ते सरकवलं, परत डोळा लावला. तुझी ओट्याची जागा त्या चौकोनात घेतली, परात, पोळपाट, भिंतीवरचा तेलाचा डाग. बटण मला वाटलं त्यापेक्षा जड होतं. बारीकसा आवाज झाला आणि मग पोटातून घर्र करून रोल पुढं सरकला. मी सवयीनं कॅमेरा उलटा करून मागे बघितलं, फोटो कसा आला म्हणून. मागे नुसतं काळं झाकण. तू काढलेला एकही फोटो तू बघितला नाहीस ना? कसं राहवलं?

आणि एक गोष्ट लक्षात आली. आजवर मला या कॅमेऱ्याची फक्त पुढची बाजू माहीत होती. मी कायम समोर, ऊन डोळ्यांवर घेत, वैतागलेली. डोळा लावला की नाक मागे चेपतं, श्वास धरावा लागतो, नाहीतर काचेवर वाफ धरते. समोरचं माणूस लांब जातं आणि लहान होतं. तू मला दर वर्षी असं बघायचीस.

दुसरा फोटो मी मंगळवारी जामबागला काढला. लॅबमधून अर्धा तास लवकर निघाले. आपली मराठी शाळा तशीच आहे, गेटला रंग नवा. तू काढलेला पहिला फोटो तिथलाच, माझ्या चौथीचा पहिला दिवस. कॅमेरा आदल्याच आठवड्यात काकूंनी दिला होता आणि तू तो पदराखाली धरून बसमध्ये बसली होतीस. मला वाटलं, तू जिथं उभी होतीस तिथूनच काढू. गेटसमोर फुटपाथवर उभी राहिले तर चौकोनात गेट मावेना. मागे सरकले, तरी शाळेचं नाव कापलं जात होतं. आणखी मागे. आणखी. मागून एक ऑटोवाला ओरडला, “मरना है क्या अम्मा?” तेव्हा कळलं, मी रस्त्याच्या मधोमध उभी आहे.

म्हणजे तूही तिथंच उभी होतीस. वाचता न येणारं ते नाव पूर्ण यावं म्हणून गाड्यांकडे पाठ करून. मला आठवतंय, हॉर्न वाजत होते आणि तू हसत होतीस. मी रडकुंडीला आले होते, घंटा होईल म्हणून. “हालू नको,” म्हणालीस.

मी तिथून तो फोटो काढला. घाईत काढला, तेव्हा हलला असेल.

रोलमध्ये तू एकदाच आहेस. सहावीत मी हट्ट करून तुझा काढला होता, काकूंच्या गॅलरीत. “वाया घालवलास एक,” म्हणून तू दिवसभर बोलत होतीस. तो आतल्या भागात आहे, चाचांच्या हिशेबानं वाचला असावा. भिंतीवर तुझा जो फोटो लावलाय तो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे, त्यात तू दचकल्यासारखी दिसतेस. बाबा त्याच्याकडे बघत नाहीत. हार घालतात, पण बघत नाहीत.

मग मी एक बेत केला होता, तोही सांगते. बाबांना काही न बोलता रोल धुवायला द्यायचा. आठ-दहा दिवसांनी फोटो आले की तुझा तो फोटो त्यांच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचं, बाबा, रोल सापडला. सापडला! पेटीच्या कोपऱ्यात, वेगळा, डबीत. बाबा खूश झाले असते. मला कुणी काही विचारलं नसतं.

बुधवारी दिवसभर मला हा बेत चांगला वाटला. संध्याकाळी ताडून पाहिला, जसा रिपोर्ट ताडते तसा. फोटो आले तर मी सांगणार. नाही आले तर? मग मी गप्प बसणार, आणि तू कायमची नुसतं बटण दाबणारी भोळी बाई राहणार. म्हणजे तू शहाणी होतीस की नाही, हे केमिकलवर ठरणार.

तसं नको. फोटो येवोत न येवोत, तू ते काढले होतेस. बाबांनी ते आधी ऐकायला हवं, पुरावा हातात यायच्या आधी, माझ्या तोंडून. ते चिडतील. चिडले तर बरं, पण ते चिडत नाहीत, गप्प होतात, त्याचीच मला भीती वाटते. गेटवर ज्यांना ज्यांना त्यांनी ती गोष्ट सांगितली, त्या सगळ्यांकडे त्यांना परत जावं लागेल. मी म्हणेन, तुम्ही नका जाऊ, मी जाते. इस्त्रीवालीकडे सगळ्यात आधी.

माफी मी आज मागत नाही. आधी बाबांची मागायची आहे, आणि तुझी त्यांच्यासमोर. उरलेले तीन-चार फोटो काढून रोल संपवू आणि तो धुवायला कोठीला आम्ही दोघं सोमवारी जाऊ, ते आले तर. नाही आले तर मी एकटी जाईन. पण सांगायचं त्याच्या आदल्या दिवशी. सकाळी गाड्या धुऊन झाल्या की बाबा पायरीवर चहा घेऊन बसतात, तेव्हा शेजारी बसून सांगणार आहे. आज गुरुवार आहे. मधे दोन दिवस आहेत, आणि मी मला ओळखते, म्हणून वार लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

येत्या रविवारी.

तुझी,
रेणी